दादाचे साउंड कार्ड

प्रस्तावना

गाण्याची चाल दोन प्रकारे जपून ठेवता येते. एक तर गाणे ध्वनिमुद्रित करायचे, म्हणजे प्रत्यक्ष आवाजच साठवायचा. किंवा चालीचे स्वरलेखन करायचे, म्हणजे कोणता स्वर केव्हा आणि किती वेळ लावायचा एवढेच लिहून ठेवायचे. ध्वनिमुद्रिका लावली की गाणे ऐकू येते. स्वरलेखनाचा कागद मात्र स्वतः गात नाही; त्याला वाद्य लागते आणि वाजवणारा लागतो. हा फरक ध्यानात ठेवून पुढील पाठ वाचा.

जुन्या बनावटीचे एक साउंड कार्ड त्याच्याहून आठ वर्षांनी नव्या असलेल्या संगणकात बसवताना काय काय अडले आणि का अडले, ते लेखिकेने या पाठात सांगितले आहे. पाठाच्या अभ्यासानंतर संगणकातील भागांचे परस्परांशी व्यवहार कसे चालतात हे तुम्हांला आपल्या शब्दांत सांगता येईल. बिघाडाचे कारण शोधताना एकेक शक्यता कशी बाजूला सारतात, हेही लक्षात येईल. पाठात तांत्रिक शब्द पुष्कळ आले आहेत. पहिल्या वाचनात ते सगळे कळलेच पाहिजेत असे नाही.

मूळ पाठ

माझा थोरला भाऊ नोकरीसाठी बडोद्याला गेला आणि तेथलाच झाला. आम्ही सारे त्याला दादाच म्हणत असू. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि संध्याकाळी पेटी, हा त्याचा दिनक्रम. तेथील मराठी मंडळी संगीत नाटके बसवीत, त्यांना तो ऑर्गनची साथ करी. बडोदे हे गाव स्वरलेखनाला अपरिचित नाही. मौलाबक्ष यांनी १८८६ साली तेथे गायनशाळा सुरू केली आणि स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. पुढे १९१६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यासच. दादाही आपल्या चाली लिहून ठेवी. मात्र त्याची वही कागदाची नव्हती, फ्लॉपीची होती.

१९९४ साली त्याने हप्त्याने एक ४८६ जातीचा संगणक घेतला. त्या काळच्या बहुतेक संगणकांत आवाजासाठी एक चिमुकला स्पीकर असे आणि त्यातून ‘पीं’ यापलीकडे फारसे काही निघत नसे. गाणे हवे असेल तर साउंड कार्ड वेगळे विकत घ्यावे लागे. दादाने मुंबईहून कोणाचे तरी वापरलेले ‘साउंड ब्लास्टर’ मागवले. तळहाताहून थोडे मोठे असे ते हिरवे पान, मागच्या पट्टीवर आवाज कमीजास्त करण्याचे दातेरी चाक. वहिनी म्हणाल्या, “एवढ्या पैशांत शेगडी आली असती.” ते खरेच होते.

या कार्डाची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यात आहे. एका सुराला दुसऱ्या सुराने हलवले की कंप ऐकू येतो. त्या कंपाचा वेग वाढवत नेला तर एका मर्यादेनंतर कंप जाणवेनासा होतो आणि सुराचा पोतच बदलून जातो, हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन चौनिंग यांच्या १९६७ साली ध्यानात आले. केवळ दोन लहरींच्या खेळातून घंटा, बासरी, ऑर्गन यांच्यासारखे नाद काढता येऊ लागले. जपानच्या यामाहा कंपनीने ही युक्ती आपल्या वाद्यांत वापरली आणि पुढे ती बोटाच्या दोन पेरांएवढ्या चिपमध्ये उतरवली. अशी एक चिप घेऊन कॅनडातील ‘ॲडलिब’ कंपनीने १९८७ साली संगणकासाठी संगीताचे कार्ड काढले. १९८९ साली सिंगापूरच्या ‘क्रिएटिव्ह’ कंपनीने तीच चिप आपल्या साउंड ब्लास्टरवर बसवली आणि शिवाय माणसाचा आवाज मुद्रित करण्याची व ऐकवण्याची सोय जोडली. कंपनीचे संस्थापक सिम वाँग हू यांना तरुणपणी माउथ ऑर्गनचा नाद होता. वाद्य वाजवणाऱ्याने कार्ड काढले आणि वाजवणाऱ्याच्याच घरी ते आले, याचे मला उगाचच बरे वाटते.

म्हणजे कार्ड एक, पण त्यावर बिऱ्हाडे दोन. एक वाद्याचे, दुसरे आवाजाचे. ऑर्गन वाजवण्याच्या आज्ञावलीत कीबोर्डाच्या कळा पेटीच्या पट्ट्यांसारख्या वाजवता येत. दादा रात्री जेवण झाल्यावर तेथे बसे. त्याने वाजवलेली चाल फ्लॉपीवर जाई ती ‘हा स्वर आता सुरू कर, आता सोड’ अशा सूचनांच्या रूपाने. तीन मिनिटांची चाल अवघ्या सहा किलोबाइटांत मावे. त्याच फ्लॉपीवर चाळीस सेकंदांचे बोलणे ठेवायचे तर चारशेहून अधिक किलोबाइट लागत. त्यामुळे दादा बोलणे क्वचित ठेवी.

२०१९ साली दादा गेला. पुढच्या दिवाळीनंतर केव्हातरी वहिनींनी माळ्यावरून तो संगणक काढायला लावला. अकरा चाली त्यांना माहीत होत्या, त्या ऐकायच्या होत्या. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता. त्याने पेटारा उघडला आणि लगेच मिटला. त्या पिढीच्या मदरबोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी एक लहान पिंपासारखी बॅटरी झाळलेली असे. वर्षानुवर्षे पडून राहिली की ती पाझरते. तिच्यातील क्षाराने भोवतालच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. वर हिरवट पांढरी पूड साचली होती. मदरबोर्ड गेला होता. साउंड कार्ड दूरच्या खाचेत होते, म्हणून वाचले.

“मग हे कार्ड तुझ्या नव्या संगणकात घाल,” मी म्हणाले. मराठीच्या प्राध्यापिकेने दिलेला हा सल्ला ऐकून भाच्याने आपला संगणक उघडून माझ्यापुढे ठेवला. कार्ड बसेल अशी खाचच त्यात नव्हती.

दादाचे कार्ड ज्या खाचेसाठी केले होते तिला आयएसए म्हणतात. १९८१ सालच्या आयबीएमच्या पहिल्या वैयक्तिक संगणकापासून ती चालत आलेली. मूळ खाचेत दोन्ही बाजूंना एकतीस असे बासष्ट संपर्कबिंदू असत. १९८४ साली आणखी छत्तीस बिंदूंची एक खाच तिच्यापुढे जोडली गेली. १९९२ साली तिच्याहून पुष्कळ वेगवान अशी पीसीआय खाच आली. काही वर्षे दोन्ही एकाच मदरबोर्डावर शेजारीशेजारी नांदल्या आणि २००० सालाच्या आगेमागे आयएसए घरगुती संगणकांतून निघून गेली. पीसीआयचीही तीच गत झाली; आता बहुतेक ठिकाणी पीसीआय एक्स्प्रेस दिसते.

खाचेचा आकार जुळत नाही एवढीच अडचण असती तर एखादा जोडखिळा करून भागले असते. अडचण व्यवहाराची आहे. जुन्या साउंड कार्डाला संगणकाकडून तीन गोष्टी हव्या असतात. पहिली म्हणजे पत्ता. प्रोसेसर ज्या क्रमांकावर सूचना पाठवील तो क्रमांक ठरलेला हवा. साउंड ब्लास्टरचा नेहमीचा पत्ता २२०. दुसरी म्हणजे दाराची घंटा. दिलेला आवाज वाजवून झाला, पुढचा द्या, हे कार्डाने प्रोसेसरला कळवायचे ते एका तारेने. हिला इंटरप्ट म्हणतात आणि दादाच्या कार्डावर ती पाचव्या क्रमांकाची होती. तिसरी गोष्ट डीएमए. घरातल्या कर्त्याने प्रत्येक पोते स्वतः उचलायचे नाही, गड्याने परस्पर कोठीतून गिरणीत न्यायचे, तशी ही व्यवस्था. स्मृतीतील आवाजाचे आकडे प्रोसेसरला मध्ये न घेता कार्डाकडे पोचवणारा हा गडी. आयएसए खाचेत त्याच्यासाठी स्वतंत्र तारा होत्या. पीसीआयच्या खाचेत त्या तारा नाहीतच. म्हणून पीसीआयला आयएसए जोडणारे साधे जोडकार्ड आणले तरी पत्ता मिळतो आणि गडी मिळत नाही.

गंमत अशी, की वाद्याच्या बिऱ्हाडाला गडी लागतच नाही. यामाहाच्या चिपला नुसत्या पत्त्यावर सूचना मिळाल्या की ती गाते. डीएमए आणि घंटा लागतात त्या मुद्रित आवाजाला. जुने कार्ड नव्या यंत्रात घातल्यावर संगीत ऐकू येते पण बोलणे येत नाही, अशी तक्रार अनेकांची असते. तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

पाठगत प्रश्न

(अ) दादाच्या चालीची फाइल लहान आणि बोलण्याची फाइल मोठी का होती?
(आ) ‘कार्ड एक, पण त्यावर बिऱ्हाडे दोन’ या वाक्यातील दोन बिऱ्हाडे कोणती?

मूळ पाठ (पुढे चालू)

भाच्यापुढे तीन वाटा होत्या. आयएसएची खाच नाहीशी झाली तरी तिचे काही व्यवहार मदरबोर्डाच्या पोटात एलपीसी नावाच्या अरुंद मार्गावरून चालू राहिले होते. गेल्या काही वर्षांत हौशी तंत्रज्ञांनी त्या मार्गाला बाहेरून जोडण्याचे एक छोटे पटल तयार केले आहे. त्याचे नाव त्यांनी ‘डिसअपॉइंटमेंट’, म्हणजे निराशा, असे ठेवले. इंग्रजी शब्दाच्या पोटात आयएसए ही तीन अक्षरे दडलेली आहेत म्हणून. पण त्यातही काही मदरबोर्डांवर डीएमएची तार बाहेर आणलेली नसते, ती नाजूक हाताने झाळून काढावी लागते. दुसरी वाट कारखान्यांतील यंत्रे चालवण्यासाठी बनणाऱ्या मदरबोर्डांची. तेथे जुन्या खाचा पुष्कळ काळ टिकल्या, परंतु किंमत परवडणारी नव्हती. भाच्याने तिसरी वाट धरली. आयएसए आणि पीसीआय शेजारीशेजारी नांदत होत्या त्या काळातला, १९९९च्या सुमाराचा पेंटियम थ्री जातीचा मदरबोर्ड त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालातून मिळवला. आजच्या मानाने तोही म्हातारा. कार्डाच्या मानाने मात्र बराच तरुण. दादाचा संगणक ६६ मेगाहर्ट्झचा, हा ५०० चा.

कार्डाच्या सोनेरी दातांवरचा काळपटपणा त्याने शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने काढला. विजेची वायर भिंतीतून उपटली, नुसते बटण बंद केले नाही. कारण अशा संगणकांत बटण बंद असतानाही थोडी वीज खेळत असते. कार्ड कडांना धरून खाचेत दाबले. विंडोजची त्याला गरज नव्हती. जुन्या आज्ञावल्यांना यंत्राशी थेट बोलायचे असते आणि नव्या प्रणाली तसे बोलू देत नाहीत. शिवाय ६४ बिटांची विंडोज १६ बिटांच्या आज्ञावल्या चालवतच नाही. म्हणून त्याने फ्रीडॉस ही विनामूल्य मिळणारी प्रणाली घातली.

पहिली चाल लावली. वहिनी पुढे सरकून बसल्या. ऑर्गनचा नाद आला, दादाचा ठेकाही ओळखू आला, पण मधूनमधून स्वर गळत होते. हार तुटून मणी घरंगळावेत तसे. वहिनींनी आवाज बारीक करायला सांगितला आणि उठून आत गेल्या.

कार्ड बिघडले, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. भाच्याने ठरवले नाही. यामाहाची ही चिप हळू काम करते. तिला एक सूचना दिल्यावर दुसरी देण्यापूर्वी काही क्षण थांबावे लागते. हा अवधी मोठ्यात मोठा म्हणजे सेकंदाचा सुमारे त्रेचाळीस हजारावा भाग, २३ मायक्रोसेकंद. दादाच्या वेळची काही आज्ञावली हा अवधी मनातल्या मनात अंक मोजून काढीत. संगणक जितका वेगवान तितके अंक लवकर मोजून होतात. नव्या प्रोसेसरचे मोजणे चिप तयार होण्याआधीच संपत होते आणि स्वर हवेत जात होता. शिष्याने सम येण्याआधीच पुढचा बोल घ्यावा, तसा हा प्रकार. उपाय अगदी उलटा निघाला. भाच्याने बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरजवळची कॅश नावाची झटपट स्मृती बंद केली, तसा संगणक मुद्दाम मंद झाला आणि चाली सलग वाजू लागल्या. नवे यंत्र जुन्याला जुळवून घ्यावे म्हणून मागे खेचावे लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

वहिनी परत आल्या. दहा चाली ऐकल्या. अकरावी भूपातली होती. ती स्थायी संपताच थबकली. पुन्हा लावली, पुन्हा तेथेच. “पुढे आहे,” वहिनी म्हणाल्या, “ते पुढे वाजवायचे.” भाच्याने कॅश चालू करून पाहिली, बंद करून पाहिली, कार्ड काढून पुन्हा बसवले. चाल त्याच स्वरावर थांबे. तेव्हा त्याने आपला नवा संगणक जवळ ओढला. डॉसबॉक्स नावाची एक आज्ञावली २००२ पासून विनामूल्य मिळते. ती जुना संगणक आणि साउंड ब्लास्टर या दोहोंचे सोंग केवळ गणिताने वठवते. खरे कार्ड लागतच नाही. अकरावी चाल तेथेही त्याच जागी थांबली.

“हे होते तर एवढी खटपट कशाला केलीस?” मी विचारले. “आत्या, आईला बाबांचे कार्ड वाजलेले ऐकायचे होते,” तो म्हणाला. माझ्या कानांना दोहोंतल्या स्वरांत फरक कळला नाही. खऱ्या कार्डातून मागे एक बारीक सळसळ येत होती, तेवढाच. ज्याला नुसत्या चाली ऐकायच्या आहेत त्याने डॉसबॉक्सवर समाधान मानावे, माझे स्पष्ट मत आहे. पण त्या दुपारी त्याचा उपयोग वेगळाच झाला. दोन सर्वस्वी निराळी यंत्रे एकाच ठिकाणी अडतात, तेव्हा दोष यंत्रात नाही. मग फाइल तरी अर्धी वाचली गेली असेल, किंवा चालच अर्धी असेल. फ्लॉप्यांना बुरशी लागलेली होती, त्यामुळे पहिली शक्यता आम्हां सर्वांना खरी वाटली.

उरलेली एक फ्लॉपी होती. तिच्यावर दादाच्या अक्षरात ‘किरकोळ’ असे लिहिले होते. चकती पुसून, दोनचार वेळा प्रयत्न केल्यावर ती वाचली गेली. तिच्यात बोलण्याची एकच फाइल निघाली. भाच्याने ती कार्डावर लावली. “हा भूप...” एवढे दादाच्या आवाजात उमटले आणि शांतता. कोणी बोलले नाही.

या वेळी कारण लगेच सापडले. पहिला तुकडा वाजला, म्हणजे पत्ता बरोबर आणि गडीही कामावर आहे. दुसरा आला नाही, म्हणजे घंटा पोचत नाही. नवे मदरबोर्ड पीसीआय कार्डांना इंटरप्ट आपले आपण वाटून देतात, आणि पाचवा क्रमांक त्यांनी चित्रदर्शक कार्डाला देऊन टाकला होता. दादाच्या कार्डाचा क्रमांक जंपरने, म्हणजे दोन पिनांवर बसवलेल्या इवल्याशा टोपणाने, पक्का केलेला; त्याची वर्दी नव्या यंत्राला नव्हतीच. बायोसमध्ये पाचव्या क्रमांकापुढे ‘जुन्या आयएसएसाठी राखीव’ अशा अर्थाची नोंद केली. संगणक पुन्हा सुरू केला.

“हा भूप. स्थायी झाली. अंतरा काही मनासारखा बसत नाही, परवा नाटक झाले की बघतो. अगं, हे चालू आहे का अजून?” मागून भांड्यांचा आवाज, मग वहिनींचा, तरुण: “मला काय विचारता, मला कुठे कळतंय त्यातलं!”

ही फाइल मुद्रित आवाजाची. तिला कार्ड मुळीच लागत नाही, कोणत्याही फोनवर ती वाजू शकते, हे भाच्याने नंतर सांगितले आणि पाच मिनिटांत आम्हां सर्वांच्या फोनवर ती पाठवूनही दिली. वहिनींनी मात्र त्या संध्याकाळी कार्डावरचे दातेरी चाक स्वतःच्या बोटाने थोडे फिरवले आणि अकरावी चाल पुन्हा लावायला सांगितली, स्थायीपर्यंतच.

शब्दार्थ

झाळणे – वितळलेल्या धातूने जोडणे. कुळकथा – घराण्याची पूर्वपीठिका. पोत – घडण, स्पर्शाचा किंवा नादाचा गुण. स्थायी, अंतरा – बंदिशीचे अनुक्रमे पहिला व दुसरा भाग. सम – तालाची पहिली मात्रा. वर्दी – सूचना, खबर. सोंग वठवणे – हुबेहूब नक्कल करणे.

भाषाभ्यास

परभाषेतून आलेल्या नामालाही मराठी लिंग देते. ‘ते कार्ड’, ‘ती फाइल’, ‘तो संगणक’ असे आपण न अडखळता म्हणतो. अनेकवचन करताना मात्र एकसारखा नियम लागत नाही: फ्लॉपीचे ‘फ्लॉप्या’ होते, फाइलचे ‘फायली’ होते, पण ‘फोन’ एक असो वा दहा, ‘फोन’च राहतो. पाठातून परभाषेतील अशी पाच नामे शोधा, त्यांचे लिंग ठरवा आणि अनेकवचन करून पाहा.

स्वाध्याय

१. चालीतील स्वर गळत होते, त्याचे कारण काय निघाले? भाच्याने केलेल्या उपायाला लेखिका ‘अगदी उलटा’ का म्हणते?
२. डीएमए समजावून देण्यासाठी लेखिकेने कोणता दाखला दिला आहे? त्याऐवजी तुमच्या व्यवसायातील एखादा दाखला देऊन तेच चार ओळींत लिहा.
३. अकरावी चाल मध्येच थांबण्याची कोणकोणती कारणे घरातल्यांना संभवनीय वाटली? ती कोणत्या क्रमाने बाजूला पडली?
४. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या बंद यंत्राची हकीकत, ते कोणी आणि कशासाठी वापरले या माहितीसह, वीस ओळींत लिहा.